तीन अँपिअरचा हट्ट

भाई,

थोर माणूस जातो तेव्हा मागे काहीतरी प्रकाशमान ठेवून जातो, असे तुझ्या शोकसभेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत छापले होते. तू मागे ठेवलेस ते अँप्लिफायरचे एक जड काळे खोके, त्याच्या वायरीला लावलेला तीन चौकोनी दांड्यांचा बाहरीनी प्लग, आणि त्या प्लगाच्या पोटात चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेला एक जळका फ्यूज. प्रकाशमान त्यात काही नव्हते. चांदी थोडी चकाकत होती.

त्याच फलकावर तुला 'नाट्यमहर्षी' केले आहे. उभ्या आयुष्यात तू रंगमंचावर एकदाच उभा राहिलास, द्वारपाल म्हणून. 'महाराज, दूत आला आहे' एवढे एकच वाक्य होते, आणि ते तू दूत विंगेत पोचायच्या आधीच म्हणून टाकलेस. दूत सापडेपर्यंत महाराज दाढी कुरवाळत बसले. त्यानंतर गावच्या नाट्यमंडळाने तुला अँप्लिफायरपाशी बसवले आणि तू तिथेच राहिलास. फलकावरचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला आहे. तुझ्या डाव्या खांद्यावर कुणा भलत्याच माणसाचा हात आला आहे. तो काढायचा तर तुझा कान कापला जात होता, म्हणून ठेवला. सबंध जत्राभर देवळाच्या फाटकावर तो अनोळखी हात तुझे सांत्वन करत होता.

तू कुठे जन्मलास, बाहरीनला किती वर्षे होतास, कुणाकुणाच्या उपयोगी पडलास, हे सगळे अध्यक्षांनी वाचून दाखवले. मला त्यात भर घालायची नाही. मला आपले भांडण पुरे करायचे आहे. शेवटच्या फोनवर मी फ्यूजचा विषय काढला तेव्हा तू दमलेल्या आवाजात म्हणालास, "जत्रा जाऊंदी गो. मागीर भांडूया." जत्रेच्या आधी तूच गेलास. तेव्हा आता मी एकटीच भांडते आहे. तू मध्ये बोलत नाहीस, हे फार अवघड जाते.

भांडण मुळात कुठून सुरू झाले ते तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तू पहिल्या मोठ्या रजेवर आलास तेव्हा तुझ्या सामानात कपडे नव्हतेच. हे खोके होते, आणि ते फुटू नये म्हणून भोवती कोंबलेली चॉकलेटे. आई म्हणाली, "कपडे खंय?" तू म्हणालास, "थंयच रवले. ह्यात देवळाचो आवाज आसा." आईने कपाळाला हात लावला. गावाने तुला खांद्यावर घेतले. त्या वर्षी जत्रेच्या नाटकात शेवटच्या रांगेला पहिल्यांदा शब्द ऐकू आले, आणि नाटक किती वाईट आहे हेही शेवटच्या रांगेला पहिल्यांदाच कळले.

मग एका जत्रेत, राजा शाप द्यायला हात उंच करतो त्या क्षणी अँप्लिफायर मेला. राजाचे ओठ हलताहेत, हात थरथरतो आहे आणि आवाज नाही. माणसे हसली. राजा झालेला आपला मामेभाऊ पुढे कितीतरी दिवस बाजारात गेला नाही. तू त्या हसण्याचा इतका धसका घेतलास की घरी येऊन प्लग उघडलास, जळलेल्या फ्यूजवर चॉकलेटची चांदी गच्च गुंडाळलीस आणि परत बसवलास. तेव्हापासून आवाज गेला नाही. तेव्हापासून आपण भांडत होतो.

"मास्तरणी," तू म्हणायचास, कारण मी डिचोलीच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि तुझ्या मते भूगोलवाल्यांनी डोंगर-नद्या सोडून बोलू नये, "तुझो फ्यूज नाटक बंद पाडता. माझी चांदी नाटक चालयता."

"फ्यूज जातो तेव्हा काहीतरी सांगत असतो."

"सांगूंदी. नाटक सोंपल्यार सांगूंदी."

"आणि वायर जळली तर?"

"वायर जळली तर वायर जळता. नाटक बंद पडलां तर लोक हांसतत."

"आणि वायरीला लागून पडदा आहे तो?"

"पडदो जुनो आसा."

पडदा खरेच जुना होता.

पण भाई, फ्यूज का गेला हे तू कधी विचारले नाहीस. गेला याचाच राग धरून बसलास. एवढ्याशा तारेचे काम एकच: दुसरे काही जळायच्या आधी आपण जळायचे. इतके सरळ काम या मंडळात दुसरे कुणी करत नाही. आणि जो ते करतो त्याला तू चांदीत गुंडाळून गप्प बसवलेस. आपले गाव राखणदाराला दरवर्षी नारळ ठेवते, आणि विजेच्या राखणदाराचे तोंड मात्र चॉकलेटच्या कागदाने बांधते.

तेरावे झाले आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाची माणसे अँप्लिफायर न्यायला आली. मी म्हटले, उद्या न्या. ती गेल्यावर मी खोके माजघरात मेजावर घेतले आणि प्लगाचा स्क्रू फिरवायला लागले. वहिनी पाठीमागे येऊन उभी राहिली.

"उगडू नाका गो," ती म्हणाली. "तेंच्या हातची ती. आसूंदी तशीच."

मी थांबले. तेराव्यापर्यंत ती रडली नव्हती, म्हणजे माणसांसमोर तरी नाही. आता तिचा आवाज भरून आला होता, आणि तो एका प्लगापायी. मी तिला समजावले की अँप्लिफायरच्या मागच्या बाजूचा मूळ फ्यूज कुणीतरी केव्हाच काढून तिथे सरळ तार जोडली आहे, म्हणजे प्लगातला फ्यूज हाच एक उरला, आणि तोही चांदीत असेल तर अडवायला कुणीच नाही. लाकडी फळ्या, कापडी पडदे, समोर सगळा गाव.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "दर जत्रेक म्हाका एक चॉकलेट मेळतालें. चांदी ते घेताले."

हे मला ठाऊक नव्हते. तू बाहरीन सोडून कायमचा परत आल्यावरही, कुणी ना कुणी आखाताहून येताना तुझ्यासाठी एक चॉकलेट आणायचा. नाटकाच्या दिवशी दुपारी तू ते सोलायचास, चॉकलेट वहिनीच्या हातावर ठेवायचास आणि कागद घेऊन प्लगापाशी बसायचास. मी इतकी वर्षे त्या चांदीवर व्याख्याने दिली. ती तुमच्या दोघांतली होती, हे दोघांपैकी कुणी बोलले नाही.

"उगड," वहिनी म्हणाली. "पण फाडू नाका."

मी प्लग उघडला आणि नखाने चांदी सोडवली. खाली फ्यूज निघाला, करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा, पांढऱ्या चिनीमातीचा. मला खात्री होती की त्याच्यावर तेराचा आकडा असेल. प्लगाबरोबर आलेला तेराचाच होता, तो मी डोळ्यांनी पाहिला होता. याच्यावर तांबड्या शाईत तीन होते.

मी तो उजेडात नेऊन पुन्हा वाचला. तीनच होते.

मी तुला किती वेळा सांगितले असेल, अँप्लिफायरच्या पाठीवर पत्र्याची पट्टी आहे ती वाच. तीनशे वॅट, दोनशे चाळीस व्होल्ट. तीनशेला दोनशे चाळीसने भाग दे. सव्वा येतात. सव्वाचा फ्यूज मिळत नाही, म्हणून त्याच्या वरचा जो मिळतो तो घ्यायचा, आणि तो तीन. तेरा नंबरचा इस्त्रीला, किटलीला. तेरा इथे घातला तर त्याला जाग येईपर्यंत वायर गेलेली असेल. तू म्हणायचास, "तीन आणि तेरा, लांबी तीच, जाडी तीच. मग आंकडो कोण बघता?" आणि आता तुझ्या प्लगात तीन होता. माझा तीन.

चिनीमातीच्या फ्यूजच्या आत दिसत नाही, म्हणून मी वहिनीकडून स्टीलचा टॉर्च मागून घेतला. बुडाचे झाकण काढले, फ्यूजचे एक टोक बॅटरीला आणि दुसरे टॉर्चच्या काठाला टेकवले. पेटला नाही. फ्यूज गेलेला होता. चांदी होती म्हणून तुझा अँप्लिफायर चालत होता.

"हा कधी घातला त्याने?" मी विचारले.

वहिनीला फ्यूजचे काही ठाऊक नव्हते. पण गेल्या वर्षी तालमीत आवाज गेला होता, हे तिला आठवत होते. तू घरी आलास, जेवलास, काही बोलला नाहीस. मग चॉकलेट मागितलेस. जत्रेला अजून अवकाश होता, म्हणून ते लवकर कसे, असे तिला वाटले होते. तिने खाल्ले मात्र.

म्हणजे तू माझे ऐकले होतेस. एकदा. माझा तीन घातलास, तो तालमीतच गेला, आणि तू गुपचूप चांदीवर परत आलास. माझ्या तोंडावर मारायला इतके चांगले हत्यार तुझ्या हाती आले होते: 'बघ, तुझ्या तीनाने दगा दिला.' तू ते वापरले नाहीस. नंतर वर्षभर मी तुला ऐकवत राहिले आणि तू नेहमीसारखा हसत ऐकत राहिलास. मला कळेना की तू माझी गय करत होतास, की काहीतरी लपवत होतास. तुझ्या बाबतीत दोन्ही एका वेळी शक्य असायचे.

त्या दुपारी मी ठरवले. नाटकाला या अँप्लिफायरमध्ये तीन नंबरचा फ्यूज असेल, आणि एक नव्हे, दोन असतील. एक प्लगात, एक माझ्या रुमालात. एकदा गेलेला पुन्हा जाऊ शकतो.

पेडण्याच्या बाजारात दुकानदाराने फ्यूज हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारले, "हें औषधाचें?" मग मी डिचोलीला गेले. तिथे माझ्याच एका विद्यार्थ्याचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. त्याने टीचर म्हणून खुर्ची दिली, सोडा मागवला आणि काचेचा एक बारीक फ्यूज पुढे ठेवला.

"हा त्या प्लगात बसेल?" मी विचारले.

"बसयलो तर बसता, टीचर."

"आणि नाही बसवला तर?"

त्याने डोके खाजवले. मग सगळे जे सांगतात ते त्यानेही सांगितले: प्लग कापून टाका, आपला साधा लावा, दोन मिनिटांचे काम. मी म्हटले, आपल्या साध्या प्लगात फ्यूज नसतो. तो म्हणाला, "तेंच तर, टीचर. फ्यूजच ना, मागीर जातलो कितें?" याला भूगोलात चांगले गुण होते. ऑनलाइन मागवून देतो, असेही तो म्हणाला, पण ते जत्रा संपल्यावर पोचले असते, आणि 'जत्रेनंतर बघू' म्हणायचे काम तुझ्याकडे होते, माझ्याकडे नव्हते.

बसमध्ये परत येताना खिडकीबाहेर ओसाड पडलेल्या खाणींचे तांबडे ढिगारे जात होते आणि मी 'प्लग कापा' या सल्ल्यावरच विचार करत होते. आपल्या गावात आखाताहून आलेल्या प्रत्येक वस्तूचा प्लग असाच कापलेला आहे. वस्तू येते, तिचे तीन चौकोनी दांडे भिंतीत शिरत नाहीत, मग वायरमन येतो, कचकन कापतो आणि गोल दांड्यांचा लावतो. आणि कापलेला प्लग? तो आपण टाकत नाही. परदेशातून आलेली वस्तू टाकायची कशी? तो मेजाच्या खणात जातो. म्हणजे मला हवे होते ते फ्यूज दुकानांत नव्हते. गावातल्या खणांत ते वर्षानुवर्षे पडलेले होते, आणि सगळे शाबूत, कारण त्यांना कुणी कधी काम दिले नव्हते.

मी सरळ शेजारच्या शालूमावशीकडे गेले. तिचा नवरा कुवेतला असतो. तिने खणातून साखरेची जुनी पिशवी काढली आणि मेजावर ओतली. काळे, पांढरे, खेकड्यांसारखे प्लग. इस्त्रीचा, किटलीचा, टोस्टरचा. मी एकेक उघडत गेले. तेरा, तेरा, तेरा. तापणारी वस्तू म्हटली की तेरा.

"कितें सोदता गो?"

"तीनचा. तांबड्या आकड्याचा. एखाद्या लहान वस्तूचा असेल, रेडिओसारख्या."

"रेडिओचो होतो मगो. तुझ्याच भावान व्हेलो."

"कधी?"

"फुडल्या जत्रेच्या आदीं," ती म्हणाली, म्हणजे गेल्या वर्षीच्या जत्रेआधी. "हांगाच बसून सगळे प्लग उगडले. म्हणालो, मास्तरणीचो हट्ट पुरो करतां एकदां. जाता काय बघूया."

तू याच खुर्चीवर बसला होतास. याच पिशवीतून हाच तीन शोधत होतास, माझ्या हट्टासाठी. मी चष्मा पुसला. मावशीने चहा आणला आणि बरोबर पावही, पाववाला पोदेर नुकताच येऊन गेला होता. मी खाल्ला. दुःखात भूक लागत नाही, असे कादंबऱ्यांत लिहितात. लिहिणाऱ्यांनी गरम पाव खाल्लेला नसावा.

"आणखी एक आसा," मावशी म्हणाली. ती देवघरात गेली आणि ओमच्या आकाराचा एक लहान दिवा घेऊन आली. कुवेतचाच. त्याचा प्लग कापलेला नव्हता, आडॅप्टरमध्ये खोचलेला होता. उघडला. तांबड्या शाईत तीन. पर्समधल्या टॉर्चवर लावला, टॉर्च पेटला. मावशी म्हणाली, जत्रेपुरती देवाला समई लावते.

एक झाला. दुसऱ्यासाठी मला फार विचार करावा लागला नाही. गावात न तापणारी, बारीक विजेवर चालणारी आणखी एक आखाती वस्तू सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळाचे अध्यक्ष गजाभाऊ यांच्या दिवाणखान्यातला हलता धबधबा. चौकटीतले चित्र, मागे दिवा, आणि पाणी सारखे पडते आहे असे वाटते. त्यांच्या मुलाने दुबईहून आणलेला. पाहुणा बसला की गजाभाऊ आधी धबधबा लावतात, मग पंखा.

मी गेले तेव्हा धबधबा चालू होता. गजाभाऊ तुझ्यावरचे भाषण लिहीत होते आणि अडले होते.

"बाई, बरे झाले आलात. भाऊंच्या व्यक्तिमत्त्वाचा एखादा पैलू सांगा. लोकांना माहीत नसलेला."

"त्याला गोड आवडायचे नाही," मी म्हटले.

ते लिहायचे थांबले. मी मला काय हवे ते सांगितले. त्यांनी धबधब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"म्हणजे हा बंद पडणार?"

"जत्रेपुरता."

"पण जत्रेलाच पाहुणे येतात."

मी म्हटले, पाहुण्यांना सांगा की नाट्यमहर्षींच्या स्मरणार्थ धबधबा थांबवला आहे. ही कल्पना त्यांना मनापासून पटली. त्यांनी ती भाषणात घालून घेतली आणि मला फ्यूज काढू दिला.

जत्रेच्या संध्याकाळी मी स्वतः प्लग लावला. वामन वायरमन बाजूला उभा होता. "बाई, तेरा नंबर घाल्यार टेन्शनच ना," तो एकदा म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून माईक तपासायला गेला. वहिनी वर्ष होईपर्यंत जत्रेला येणार नव्हती. निघताना तिने विचारले, "चलतलो मगो?" मी म्हटले, "चालायला हवा तसा चालेल." तू असतास तर म्हणाला असतास, हे उत्तर नव्हे.

शोकसभा नाटकाच्या आधी होती. प्रमुख पाहुण्यांसाठी लग्नाच्या हॉलमधून मखमलीचा तांबडा सोफा आणून रंगमंचावर ठेवला होता. दोन मिनिटे शांतता पाळली. बाहेर खाज्यांच्या दुकानावर कुणीतरी तेवढ्यात भाव विचारत होते, ते स्पष्ट ऐकू आले. मग गजाभाऊ उभे राहिले. त्यांनी तुझे बालपण सांगितले, बाहरीन सांगितले, थांबवलेला धबधबा सांगितला. प्रमुख पाहुणे सोफ्यावर जरा सरकून बसले. गजाभाऊ म्हणाले, "अशा या नाट्यम," आणि आवाज गेला.

'हर्षी' आम्ही त्यांच्या ओठांवर पाहिले. मागच्या रांगा हसल्या. तेच हसणे, भाई. तुझ्यासाठी भरलेल्या सभेत. एक क्षण मला वाटले, तुझेच खरे होते.

पुढे काय होणार ते सगळ्या गावाला पाठ होते. प्रेक्षकांतून आवाज आला, "चांदी हाडा रे!" आणि खरोखरच दुसऱ्या रांगेतून हातोहात एक चॉकलेट पुढे आले. कुणीतरी तयारच होते. इतकी वर्षे तू गावाला हेच शिकवलेस.

"बाई, चांदी घाला पटकन," गजाभाऊ माझ्या कानाशी म्हणाले. "राजा मेकअप करून बसला आहे. भाऊ असते तर एव्हाना आवाज आला असता."

"भाई असता तर मी त्याच्याशी भांडत असते," मी म्हटले. "तो नाही, म्हणून तुमच्याशी भांडते."

प्लग काढून मी मुठीत धरला होता. मी तो सोडला नाही. वामनला म्हटले, वायर बघू. सबंध वायर. तो आधी खोक्यापाशी बघायला लागला, मी दुसऱ्या टोकाकडून, प्लगापासून. फळ्यांवर गुडघे टेकून, हाताने चाचपत, साडी सांभाळत. पाहुणे सभ्यपणाने पाय वर घेऊन बसले. हे अर्थातच शोकसभेच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हते.

वायर सोफ्याच्या पुढच्या पायाखाली गेली होती. पाहुणे उठले, सोफा उचलला. पायाने वायर चेपली होती आणि आतले तांबे बाहेर आले होते, पडद्याच्या झालरीपासून वीतभर अंतरावर. पण वायर तिथे आज नव्हती फुटली. तिथे जुनी काळी टेप होती. तिरकी, घट्ट, दोन थरांत, आणि शेवटचे टोक आत दुमडलेले, म्हणजे पुन्हा सोडवायची वेळ आली तर नख लागावे. असे टोक दुमडायची सवय मी जगात एकाच माणसाची पाहिली आहे. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरे घालून देताना तू असेच दुमडायचास.

तर हे होते. तालमीत तीन गेला, तेव्हा तू वायर शोधलीस. कातरलेली जागा तुला सापडली. म्हणजे फ्यूज सांगत होता आणि तू ऐकलेस. मग टेप मारलीस, चांदी घातलीस आणि मला काही सांगितले नाहीस, कारण सांगितले असते तर मी म्हणाले असते, वायर बदल. आणि मी जिंकले असते.

मी तिथे फळ्यांवर थोडा वेळ बसून राहिले. लोकांना वाटले, बाईंना भरून आले. खरे होते ते, पण त्यांना वाटले त्या कारणासाठी नव्हे. तू गेल्यापासून तेव्हा पहिल्यांदा मला तुझा राग आला, अगदी पूर्वीसारखा, आणि फार बरे वाटले.

"कापूं?" वामनने विचारले.

"काप. दोन्हीकडून चांगली हातभर. आणि जोड नीट दे, टेपेवर भागवू नको."

तो काम करत असताना मी प्लग उघडला. मावशीच्या देवाचा फ्यूज काढला. टॉर्चवर धरून पाहिला, गेला होता. त्याने त्याचे काम केले होते. चांदी असती तर वायर तशीच तापत राहिली असती आणि झालर वीतभरच दूर होती. पडदा जुना आहे, हे मलाही मान्य आहे. मग रुमालातून गजाभाऊंचा धबधबा काढला आणि बसवला. स्क्रू आवळला. वामनने जोड पुरा करून मान हलवली. मी प्लग आडॅप्टरमध्ये खोचला.

"हॅलो," राजा विंगेतून म्हणाला, कारण माईक त्याच्या हातात आला होता. "हॅलो, हॅलो." सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. गजाभाऊंनी भाषण पहिल्यापासून सुरू केले.

दुसऱ्या दिवशी मी चांदी वहिनीला परत दिली. तिने ती अंगठ्याच्या नखाने गुळगुळीत केली आणि मेजाच्या खणात ठेवली. दुसऱ्या रांगेतून आलेले चॉकलेट माझ्याकडेच राहिले होते, तेही दिले. तिने अर्धे मोडून मला दिले. वायरीचा तो टेप मारलेला तुकडा माझ्या पर्समध्ये आहे. त्याचा मला काही उपयोग नाही. टोक अजून तसेच दुमडलेले आहे, मी ते सोडवलेले नाही.

मंडळाने ठराव केला आहे की अँप्लिफायरला तुझे नाव द्यायचे. मी हरकत घेतली नाही, फक्त अट घातली: खोक्यावर तुमच्या मनाला येईल ते लिहा, प्लगाच्या पाठीवर मी लिहिणार. लिहिलेही आहे, माझ्या मास्तरणीच्या अक्षरात, ठळक: 'फक्त तीन'. शालूमावशीच्या देवासाठी आणि गजाभाऊंच्या पाहुण्यांसाठी, आणि दोन जादा, असे तीन नंबरचे चार फ्यूज मावशीचा नवरा कुवेतहून रजेवर येताना घेऊन येणार आहे. चॉकलेट मी वहिनीसाठी वेगळे सांगितले आहे. ते यापुढे दर जत्रेला येईल. चांदी कशातही लागणार नाही.

राहिले नाटक. दोन अंक आवाज खणखणीत होता, मागच्या रांगेला प्रत्येक शब्द ऐकू गेला, त्याबद्दल त्यांनी काही तक्रार केली नाही. तिसऱ्या अंकात राजा शाप द्यायला उभा राहिला, हात उंच केला, आणि आवाज गेला. मी धावत गेले, प्लग काढला, अंधारात स्क्रू सोडवला आणि फ्यूज टॉर्चला टेकवला. टॉर्च पेटला. सबंध मंडपात तेवढाच उजेड होता.

सगळ्या गावाचीच वीज गेली होती, पार शेजारच्या मोरजीपर्यंत. फ्यूज चांगला आहे.